आकाशातल्या रस्त्याचा खर्च : सैन्याचा वाटा किती, व्यापाऱ्याचा किती?

ट्रकने माल पाठवला की टोलनाक्याची पावती हातात पडते. विमानाने पाठवला तर अशी पावती मिळत नाही, पण टोल तिथेही आहे. आकाशात विमानाला वाट दाखवणारी, दोन विमाने एकमेकांजवळ येऊ न देणारी, ढगात आणि अंधारात विमान सुखरूप उतरवून घेणारी जी यंत्रणा आहे तिला एअर ट्रॅफिक कंट्रोल म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण म्हणतात. रडार, रेडिओ, टॉवर आणि तिथे पाळीपाळीने बसणारी माणसे, हे काही फुकट येत नाही. विमान कंपनी त्याचे शुल्क भरते, ते तिकिटात आणि मालाच्या भाड्यात घालते, आणि फिरून ते आपल्या गाठोड्यावर येऊन बसते.

याच आकाशातून सैन्याची विमानेही उडतात आणि त्यांच्याकडून हे शुल्क घेतले जात नाही. मग त्यांच्या वाट्याचा खर्च कोण भरतो? आणि जिथे धावपट्टी व टॉवर सैन्याचे आहेत, तिथे आपल्या प्रवासी विमानांना सेवा देण्याचा खर्च कोणाच्या खात्यात पडतो? जकातीवर, विजेच्या दरावर, सुताच्या भावावर आपल्या पेठेत रात्र रात्र चर्चा होते. या मसल्यावर कोणी बोलताना आम्ही तरी ऐकले नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे की सैन्याला सेवा बिनशुल्क जरूर द्यावी, पण तिची किंमत वहीत लिहावी आणि ती सरकारी तिजोरीने भरावी. उलट बाजूनेही तोच दस्तूर असावा. सैन्याने नागरी विमानांना जी सेवा दिली तिचाही हिशेब उघड मांडावा.

असा प्रश्न विचारताना आपल्या माणसाची जीभ जरा अडखळते, हे आम्हाला ठाऊक आहे. सैन्याचे नाव निघाले की लोक म्हणतात, जाऊ द्या, कशाला बोलायचे. पण नीट पाहिले तर यात सैन्याच्या विरोधात एक अक्षर नाही. देशाचे रक्षण सगळ्या देशासाठी होते. मग त्याचा खर्चही सगळ्या देशाने करातून द्यावा. जो विमानाने माल पाठवतो किंवा आखाती देशात नोकरीला जातो, त्याच्या एकट्याच्या तिकिटातून तो का जावा?

आता हा मामला आपल्या धंद्याशी किती जवळचा आहे ते पाहा. आपल्या देशात कितीतरी शहरांचा विमानतळ म्हणजे खरे तर हवाई दलाचा तळ आहे. त्याच्या एका कोपऱ्यात प्रवाशांसाठी इमारत बांधलेली असते, तिला सिव्हिल एन्क्लेव्ह म्हणतात. इमारत एअरपोर्ट्स अथॉरिटीची, पण धावपट्टी हवाई दलाची. श्रीनगर घ्या, शालींचे गाव. जोधपूर घ्या. भुज घ्या, जिथे अजरख छापणारे आपले खत्री कारीगर आहेत. बांधणीचे जामनगर, जरीकामाचे बरेली, चामड्याचे कानपूर, जोड्यांचे आग्रा. ही सगळी हवाई दलाच्या धावपट्टीवर चालणारी गावे आहेत. महाराष्ट्रात पुण्याचे लोहगाव तसेच आहे. १९३९ पासूनचा तो लष्करी तळ. गोव्याचे दाबोळी नौदलाचे. आपल्या कारीगरांच्या वस्त्या आणि सैन्याचे तळ इतक्या ठिकाणी शेजारी यावेत हा योगायोगच म्हणायचा, पण धंद्याच्या दृष्टीने तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

अजरखचे थान ट्रकने आणि रेल्वेनेच जाते, हे आम्हाला कोणी सांगायला नको. पण नमुन्याचे पार्सल, ऐन सणातली निकडीची ऑर्डर, परदेशातल्या ग्राहकाचा महाग माल विमानाने जातो. आणि अशा गावांतून जाणारा माल बहुतेक वेळा प्रवासी विमानाच्या पोटातूनच जातो. म्हणजे प्रवासी विमान किती वाजता उतरू शकेल, यावर कारीगराचे पार्सल अवलंबून.

दोन वापरणारे आणि एक यंत्रणा असली की वाटा कसा ठरवायचा, हे यंत्रमागवाल्याला शिकवायला नको. एका शेडमध्ये दोन भावांचे माग आणि मीटर मात्र एकच, असा प्रकार भिवंडी-मालेगावात नवा नाही. बिल आले की पहिला म्हणतो, ज्याने जितके युनिट जाळले त्याने तितके द्यावे. ऐकायला बरोबर वाटते. पण बिलात एक ओळ स्थिर आकाराची असते. ती मंजूर भारावर येते, माग चालोत की बंद राहोत. धाकट्याचे माग महिन्यातून आठ दिवस चालतात, पण जेव्हा चालतात तेव्हा सगळे एकदम चालले पाहिजेत, असा त्याचा आग्रह असेल, तर त्याच्यासाठी भार वाढवून घ्यावा लागतो. मग फक्त युनिटवर वाटणी करणे म्हणजे थोरल्यावर अन्याय.

सैन्याचे तसेच आहे. लढाऊ विमानांची उड्डाणे मोजली तर प्रवासी विमानांपेक्षा कमी भरतील. पण सैन्याला यंत्रणा अपरात्री तयार लागते, आकाशाचा मोठा तुकडा राखून लागतो, आणि सराव असेल तेव्हा बाकीच्यांना थांबवावे लागते. हा मंजूर भार झाला. नुसत्या उड्डाणांच्या संख्येवर खर्च वाटला तर सैन्याचा वाटा खऱ्यापेक्षा कमी दिसेल.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. समजा उद्या पुण्याहून सगळी प्रवासी विमाने बंद झाली. लोहगावचा टॉवर पाडतील का? नाही. तो सैन्यासाठी लागणारच. म्हणजे तिथला मूळ खर्च सैन्याचा, आणि प्रवासी विमानांमुळे जो जादा खर्च होतो तेवढाच नागरी बाजूचा. मुंबईत याच्या उलट. तिथे सैन्याचे एकही विमान गेले नाही तरी रडार आणि माणसे तितकीच लागतील. नागपूरला हवाई दलाचे मोठे ठाणे आहे, पण तिथला टॉवर एअरपोर्ट्स अथॉरिटी चालवते, म्हणजे तिथे नागरी यजमान आणि सैन्य पाहुणे. पुण्यात नेमके उलटे. देशभर एकच टक्का लावून हा प्रश्न सुटणार नाही, ठिकाण पाहूनच हिशेब करावा लागेल.

उपकरणांचेही तसेच. मे २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने ३७ लष्करी धावपट्ट्यांवर नवी उपकरणे बसवण्यासाठी सुमारे १२०० कोटी रुपयांचा करार केला. कमी उजेडात आणि खराब हवेत विमान उतरवण्याची सोय करणारी ही उपकरणे. पैसे संरक्षण खात्याचे, पण यांतल्या कित्येक धावपट्ट्यांवर प्रवासी विमानेही उतरतात आणि त्यांनाही फायदा होतो. तेव्हा नागरी बाजू नेहमी लुटली जाते असे म्हणणे इमानदारीचे होणार नाही. कोण कोणाचे किती भरतो हे कोणालाच दिसत नाही, आमची तक्रार त्याबद्दल आहे.

पाहुण्याने फक्त जादा खर्च द्यावा, हेही पुरते न्यायाचे नाही. दोन व्यापाऱ्यांचे उदाहरण घ्या. एकाला गोदामाच्या राखणीला महिना १० हजार रुपये लागले असते, दुसऱ्याला ८ हजार. दोघांनी मिळून एकच गोदाम घेतले आणि राखण १२ हजारांत झाली. वाचले ६ हजार. ते निम्मे निम्मे वाटले तर पहिल्याने ७ हजार द्यावे, दुसऱ्याने ५ हजार. दोघेही एकट्याने राहिले असते त्यापेक्षा फायद्यात, आणि कोणी कोणाच्या जिवावर जगत नाही. आमच्या मते हवाई नियंत्रणाची वाटणी याच धर्तीवर व्हावी. वेगळे उभे केले असते तर प्रत्येकाला किती लागले असते आणि एकत्र केल्याने किती वाचले, एवढे दोनच आकडे त्यासाठी लागतात.

बाहेरच्या देशांनी यावर काय केले आहे? १९४४ च्या शिकागो कराराने नागरी विमान वाहतुकीचे नियम घातले आणि सरकारी विमाने, म्हणजे सैन्य, पोलीस आणि कस्टम्सची, त्यातून बाहेर ठेवली. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने शुल्कांबाबत धोरण ठरवले. त्यात म्हटले आहे की कोणाला सूट द्यायची असेल तर द्या, पण त्यामुळे येणारी तूट बाकीच्या वापरणाऱ्यांवर टाकू नका. हे धोरण बंधनकारक कायदा नाही, शिफारस आहे. पण शिफारस स्वच्छ आहे.

युरोपने ती नियमात आणली. तिथे वरच्या आकाशातून जाणाऱ्या विमानाचे शुल्क अंतर आणि वजन यांवर ठरते. त्यातही गंमत अशी की वजनाचे वर्गमूळ धरतात, म्हणजे चौपट वजनाच्या विमानाला दुप्पटच शुल्क. अनेक देशांचे शुल्क युरोकंट्रोल ही एकच संस्था गोळा करते. सैन्याच्या विमानांना सूट द्यावी की नाही हे प्रत्येक देश ठरवतो, पण दिली तर त्या सेवेचा खर्च त्या देशाच्या सरकारने भरायचा, असे युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमावलीतही आहे. जर्मनीत १९९३ पासून हे काम डीएफएस या सरकारी कंपनीकडे आहे, आणि सैन्याच्या तळांवरचे नियंत्रण सोडले तर शांततेच्या काळात सैन्याच्या विमानांनाही तीच वाट दाखवते. एकच खोली, एकच रडार.

अमेरिकेत दुसरी तऱ्हा. तिथे प्रवाशांच्या तिकिटावरचा कर १९७० साली स्थापन झालेल्या एका खास निधीत जातो आणि त्यातून यंत्रणेचा मोठा खर्च चालतो. राहिलेला खर्च सर्वसाधारण तिजोरीतून येतो. तिजोरीने यात हात का घालावा, असे कोणी विचारले की उत्तर मिळते, सैन्य आणि सरकारी विमाने ही यंत्रणा वापरतात म्हणून. पण हा भाग किती असावा, याचा वाद तिथेही संपलेला नाही. कॅनडाने १९९६ साली आपली यंत्रणा नॅव्ह कॅनडा या ना-नफा कंपनीला दीड अब्ज कॅनडियन डॉलरला विकली, आणि त्याच वेळी कायद्यात स्वतःच्या सैन्याच्या विमानांना शुल्कमाफी लिहून ठेवली. तिथे सैन्यही आपल्या तळांवर नागरी विमानांना सेवा देते. देवाणघेवाण आहे, बिल नाही. आम्हाला यांत युरोपची रीत पसंत आहे, कारण तिथे माफी कोणाला आणि भरणारा कोण, दोन्ही कागदावर आहेत.

आता आपल्याकडे या. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, त्यामुळे मार्ग दिक्चालन सुविधा शुल्क हा सरकारी शब्द आमच्या जिभेवर लवकर बसत नाही. पण अर्थ साधा आहे, आकाशातल्या रस्त्याचे भाडे. १ एप्रिल १९९५ रोजी दोन जुन्या संस्था एक करून एअरपोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडिया झाली, तिच्याकडे हे काम आणि हे भाडे आले. विमानतळांवरचे दर तपासायला २००८ च्या कायद्याने वेगळे प्राधिकरणही आले. पण त्या कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिले आहे की सैन्याच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या विमानतळांना तो लागू नाही, तिथल्या सिव्हिल एन्क्लेव्हला मात्र लागू आहे. म्हणजे पुण्यात प्रवाशांच्या इमारतीचा हिशेब तपासणारा कोणीतरी आहे, पण इमारतीच्या पलीकडची धावपट्टी आणि टॉवर त्याच्या कक्षेबाहेर. दुकानाचे ऑडिट करायचे आणि गोदामाला हात लावायचा नाही, असा हा प्रकार. मग वाटा बरोबर आहे की नाही हे सांगणार कोण?

सरकारला सवलतीचा हिशेब लिहिता येत नाही असेही नाही. उडान योजनेत छोट्या गावांच्या विमानांना आकाशाचे भाडे नेहमीच्या दराच्या ४२.५० टक्केच लावायचे ठरले, आणि योजनेसाठी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर वेगळा आकार बसवला. ते बरोबर की चूक यावर वाद घाला, पण किती सूट, कोणाला, आणि पैसे कोणाकडून, हे छापलेले होते. सैन्याच्या बाबतीत एवढेच व्हावे.

काही मंडळी म्हणतील, विमानाच्या खर्चात इंधन सर्वांत मोठे, नियंत्रणाचे शुल्क त्यामानाने लहान. एवढ्याशा रकमेसाठी कशाला डोके शिणवायचे? रक्कम लहान आहे, हे मान्य. पण हिशेब न लिहिण्याचे नुकसान शुल्कापुरते राहत नाही. ज्या गोष्टीची किंमत लिहिलेली नसते ती बेहिसाब वापरली जाते. आकाशाचेच पाहा. मे २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी स्वतः सांगितले की देशाच्या आकाशापैकी ६० टक्केच नागरी विमानांना मोकळे आहे, आणि निर्बंध सैल केले तर विमान वाहतुकीला वर्षाला सुमारे १००० कोटी रुपयांचा फायदा होईल. याचा अर्थ तोपर्यंत विमाने वळसे घालून जात होती आणि वळशाचे इंधन भाड्यात येत होते. हा आकडा मोजायला इतकी वर्षे कोणाला सुचले नव्हते, कारण तो कोणाच्याच खात्यात लिहायचा नव्हता. सैन्याला त्या वेळी खरोखर लागत नसलेले आकाश तासापुरते नागरी विमानांना द्यायचे, अशी पद्धत आता आली आहे आणि ती चांगली आहे. पण राखून ठेवलेल्या आकाशाची किंमत ज्या दिवशी कोणाच्या तरी खात्यात पडेल, त्या दिवशी ते किती लवकर मोकळे होते ते पाहा.

वेळेचेही तसेच आहे. लोहगावची धावपट्टी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस दुरुस्तीसाठी पूर्ण बंद होती, आणि त्याआधी जवळजवळ वर्षभर रात्रीची उड्डाणे बंद होती. दुरुस्ती हवीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण कापडवाल्यांनी त्या तारखा पुन्हा वाचाव्यात. १५ ऑक्टोबरला दसरा झाला आणि ४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. आपल्या धंद्याचा वर्षातला सगळ्यात मोलाचा पंधरवडा विमानाविना गेला. धावपट्टीचा मालक एकटा ठरवणारा असला आणि नागरी बाजू खर्चात बरोबरीची भागीदार नसली, तर तारखा ठरवताना दसरा-दिवाळीची आठवण कोणाला येणार? जो वाटा भरतो त्याला बैठकीत खुर्ची मिळते. दाबोळीवरही नौदलाच्या सरावासाठी आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे तास प्रवासी विमानांना वर्षानुवर्षे मिळाले नाहीत.

युद्धाची गोष्ट वेगळी. मे २०२५ मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीला बंद होते, त्यांत श्रीनगर, जोधपूर, भुज, जामनगर सगळी आली. १२ मेला ते उघडले. अशा वेळी कोणी हिशेब मागत नाही, आम्हीही मागत नाही. आमचे बोलणे शांततेच्या दिवसांचे आहे, आणि ते वर्षातले बहुतेक सगळे दिवस असतात.

गुप्ततेचा आक्षेप मात्र खरा आहे. कोणत्या तळावरून किती लढाऊ विमाने उडाली हे छापून आणावे असे कोणी म्हणणार नाही. पण त्याची गरजही नाही. वर्षाच्या शेवटी सगळ्या देशाची मिळून एक रक्कम संसदेपुढे ठेवता येते, की नागरी यंत्रणेने सैन्याला इतक्या रुपयांची सेवा दिली आणि सैन्याने नागरी विमानांना इतक्या रुपयांची. संरक्षणाचा अर्थसंकल्प दरवर्षी छापला जातोच, त्यात विमाने आणि जहाजे यांवरच्या खर्चाच्या रकमा असतात. त्यात ही एक ओळ वाढली तर शत्रूला काय कळणार आहे?

आपल्या व्यापारी संघटनांनी हे काम हाती घ्यावे असे आम्हाला वाटते. जकात हटवा म्हणून आपण ओरडलो, एलबीटीविरुद्ध दुकाने बंद ठेवली, २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा रात्री जागून नवी बिलबुके शिकलो. आपल्या खासदाराला एक पत्र लिहून लोकसभेत एक लेखी प्रश्न विचारायला सांगणे त्यामानाने काहीच नाही. प्रश्न तीनच विचारावेत. मागच्या वर्षी एअरपोर्ट्स अथॉरिटीने सैन्याच्या विमानांना दिलेल्या सेवेची किंमत किती आणि ती कोणी भरली? लष्करी तळांवर नागरी विमानांना दिलेल्या सेवेचा खर्च किती धरला जातो आणि कोणत्या पद्धतीने? आणि धावपट्टी बंद ठेवण्याच्या तारखा ठरवताना स्थानिक व्यापारी संघटनांचे म्हणणे घेतले जाते काय? मंत्र्यांचे उत्तर आले की ते याच पानावर छापायला द्यावे.

पुणेकरांनी तर घाई करावी. गोव्यात मोपाचे नवे विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले आणि काही कंपन्या दाबोळी सोडून तिकडे गेल्या. विमाने गेली तरी दाबोळीचा टॉवर, रडार आणि माणसे तिथेच राहिली. पुण्यासाठी पुरंदरच्या नव्या विमानतळाची तयारी चालली आहे. ते झाले तर लोहगावच्या यंत्रणेचा किती खर्च सैन्याकडे राहील, आणि दोन ठिकाणी दोन टॉवर चालवण्याचा भार नव्या विमानतळाच्या भाड्यात किती येईल, हे आजच विचारून ठेवले पाहिजे. पुरंदरचे दर एकदा ठरले की मग विचारून फारसा उपयोग नाही.